आधी वाळवंट, मग देवदार: माळावरच्या पाखरूवेड्यांसाठी मोरोक्को

कारंजा-सोहोळच्या माळावर ज्याची नजर धाविकावर बसली आहे, त्याला सहाराच्या कडेला जाऊन पक्षी शोधणं नव्यानं शिकावं लागत नाही. तीच उघडी जमीन, तेच मातीच्या रंगाचं पाखरू, तेच पळत-थांबत, थांबत-पळत जाणं. गणित चुकतं ते तारखेचं आणि घड्याळाचं. मोरोक्कोच्या सहलींचे जे आराखडे इंटरनेटवर फिरतात, ते बहुतेक युरोपातल्या माणसांनी आपापल्या सुट्ट्यांच्या हिशेबानं केलेले असतात. आपल्या शेतीचा मोकळा महिना, आपल्याला असलेली उन्हाची सवय आणि नसलेली थंडीची सवय त्यात कुठेच नसते. म्हणून हे टिपण, आपल्या विदर्भातल्यांसाठी.

नकाशा समोर ठेवा. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे अ‍ॅटलासची रांग गेली आहे. तिचं सर्वांत उंच शिखर तुबकाल, ४,१६७ मीटर. समुद्राकडून येणारा पाऊस ही रांग अडवते, म्हणून उत्तरेच्या अंगाला देवदार आणि ओकची जंगलं आहेत, आणि दक्षिणेला आधी दगडी पठार, मग वाळू. नकाशावरचे काही शब्द पाठ करून ठेवा, निम्मी वाटाड्याची गरज तिथेच संपते. ‘एर्ग’ म्हणजे वाळूच्या टेकड्या, ‘हमादा’ म्हणजे दगडी पठार, ‘रेग’ म्हणजे बारीक खड्यांचं मैदान, ‘तिझी’ म्हणजे खिंड, ‘दायेत’ किंवा ‘अगेलमाम’ म्हणजे तळं, आणि ‘वेद’ म्हणजे नाला. वेदमध्ये गाडी उभी करायची नाही, तंबू तर नाहीच. डोंगरात कुठेतरी झालेला पाऊस कोरड्या नाल्यातून कसा येतो हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

रस्ता असा धरावा: मराकेशला उतरून उकाइमदेन, तिथून तिझी-न-तिश्का घाट ओलांडून वार्झाझात, बुमाल्न दादेस, रिसानी आणि मेर्झूगा. मग उत्तरेकडे वळून मिदेल्त, झाइदा, अझ्रू, इफ्रान, आणि शेवट फेस किंवा कॅसाब्लांकाला. बारा-तेरा दिवस. मुक्काम उकाइमदेनच्या बाजूला दोन, बुमाल्नला दोन, मेर्झूगाला तीन, मिदेल्त-झाइदाला दोन, अझ्रूला तीन. अगादीरच्या किनाऱ्यावरचा नॉर्दर्न बाल्ड आयबिस हा जगातला फार मोलाचा शराटी आहे आणि त्याची खरी रानटी वस्ती आता मुख्यतः तिथेच, सूस-मासा राष्ट्रीय उद्यान आणि तामरीच्या परिसरात उरली आहे. पण तो या फेरीत कोंबू नये. त्याला वेगळे तीन दिवस लागतात. कोंबला की वाळवंटाचा एक दिवस जातो, आणि जातो तो नेमका पाणवठ्याचा.

आता तारीख. माझं ठाम मत: १० एप्रिलच्या आसपास निघावं आणि २० पर्यंत देवदारात पोचलेलं असावं. कारण साधं आहे. या रस्त्यावरचे पक्षी एकाच वेळी सगळीकडे हजर नसतात. उकाइमदेनचा क्रिमझन-विंग्ड फिंच बर्फ असेपर्यंत खाली, गाड्या लागतात तिथे येऊन टिपतो. बर्फ वर सरकलं की तोही वर पांगतो. वाळवंटातले चंडोल मार्च-एप्रिलमध्ये गातात, मे उजाडला की ऊन त्यांना आणि तुम्हालाही गप्प करतं. उलट देवदाराच्या जंगलातला अ‍ॅटलास माशीमार आफ्रिकेच्या पोटातून येतो तो एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात. म्हणजे फिंच आधी, वाळवंट मध्ये, जंगल शेवटी. हाच रस्ता उलटा धरला तर जंगलात माशीमार आलेला नसतो आणि वाळवंटात भट्टी पेटलेली असते. मार्चमध्ये जाणारे हमखास ‘माशीमार नाही दिसला’ म्हणत परततात. त्यात माशीमाराची चूक काही नाही.

आपल्या बाजूनंही एप्रिल बरा. गहू-हरभरा घरात आलेला असतो, वावरं मोकळी असतात आणि अक्षय्य तृतीयेनंतरच्या खरिपाच्या तयारीला वेळ असतो. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, त्यामुळे पुढली बरीच वर्षं एप्रिल मोकळा आहे. हे महत्त्वाचं, कारण रमजानमध्ये दिवसा खानावळी बंद असतात, आणि घड्याळही हलतं. मोरोक्कोचं घड्याळ २०१८ पासून वर्षभर ग्रिनिचच्या एक तास पुढे असतं, फक्त रमजानपुरतं ते एक तास मागे घेतात. एरवी आपण त्यांच्या साडेचार तास पुढे. एप्रिलच्या मध्याला मेर्झूगात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि पावणेआठला मावळतो. जुन्या आराखड्यात ‘पहाटे पाचला निघा’ असं दिसलं तर ते कुठल्या घड्याळाचं पाच आहे ते आधी पाहा.

व्हिसा लागतो. अर्ज करण्याआधी त्या वेळचे नियम अधिकृत संकेतस्थळावर वाचा, कारण ते बदलतात. दिरहम इकडे बदलून मिळायच्या भानगडीत पडू नका, ते चलन देशाबाहेर नेण्या-आणण्यावर बंधन आहे. तिथे उतरूनच घ्यायचं. ड्रोन घरी ठेवा, विमानतळावर काढून घेतात. गाडी उजव्या बाजूनं चालवायची असते आणि गावाच्या तोंडाशी पोलिसांचे नाके असतात. थांबण्याची पाटी दिसली की पूर्ण थांबायचं, हात केल्यावरच पुढे. स्कोप मागच्या सीटवर उघडा टाकून नाक्यावर जाऊ नका. मेर्झूगाच्या पलीकडे थोड्याच अंतरावर अल्जीरियाची सरहद्द आहे आणि लांब नळीचं यंत्र कुणाला कशासारखं वाटेल, सांगता येत नाही.

सामान

धूळ आपल्याला नवी नाही, वाळू नवी आहे. काळ्या रानाची धूळ बसते, वाळू शिरते. दुर्बीण ८×४२ पुरे. १०×४२ हातात असेल तर तीच न्या, नवी घेऊ नका. स्कोप मात्र या फेरीत चैन नाही, गरज आहे. ट्रायपॉडचे पाय उघडताना वरचे जाड भाग आधी उघडा आणि सगळ्यात खालचा बारीक भाग शक्यतो बंदच ठेवा. वाळूत टेकलेला तोच भाग परत आत सरकवला की कण सांध्यात जातात, आणि पिळून बंद होणारा सांधा तिसऱ्या दिवशी करकरायला लागतो. काच साफ करताना आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. गमछ्याच्या टोकानं भिंग पुसायची आपली सवय इथे महागात पडते. वाळूचा कण काचेपेक्षा मऊ नसतो, एका फटकाऱ्यात वरच्या थरावर कायमची रेघ उठते. कॅमेऱ्याचं भिंग बदलायचं तर गाडीत, काचा वर करून. गमछा डोक्याला आणि नाका-तोंडाला, तिथे त्याला तोड नाही.

उन्हाची आपल्याला सवय आहे या भरवशावर लोक पाणी कमी नेतात. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, उडून जातो. माणशी दिवसाला चार ते पाच लिटर धरा आणि ओआरएसच्या पुड्या घरूनच न्या. थंडीच्या बाबतीत उलटी चूक होते. उकाइमदेन सुमारे २,६०० मीटरवर आहे, आपल्या चिखलदऱ्याच्या दुपटीहून जास्त उंच. तिथे आणि झाइदाच्या माळावर एप्रिलच्या पहाटे पारा शून्याच्या आसपास जातो, आणि वर वारा. नागपूरच्या जानेवारीतला स्वेटर पुरत नाही. वारा अडवणारं जाकीट, कानटोपी आणि बोटं उघडी राहतील असे हातमोजे लागतात. हात बधिर झाले की स्कोप लावायलाच दोन मिनिटं लागतात, आणि पहाटे तेवढ्यात पक्षी झुडपाआड गेलेला असतो.

खाण्याचं: पहाटे साडेपाचला माळावर कुठलीही टपरी उघडी नसते. पहिल्या दोन-तीन दिवसांना दशम्या, पुढे फुटाणे, मुरमुऱ्याचा चिवडा आणि जवसाची कोरडी चटणी. ही चटणी तिथल्या जाड गोल पावाला, ‘खुब्झ’ला, छान लागते. शाकाहारी माणसानं ‘भाजीचं ताजीन’ मागताना ते मटणाच्या रश्शात शिजवलेलं नाही ना हे विचारून घ्यावं, पुष्कळदा असतं. सकाळी ‘बिसारा’ मिळाला तर सोडू नका. वाळलेल्या बाकल्याचं दाट सूप असतं, वर तेल आणि जिऱ्याची पूड. घट्ट वरणावर वाढलेल्या जिवाला ते लगेच पटतं.

उकाइमदेन ते तागदिल्त

मराकेशहून उकाइमदेन ७५ किलोमीटरच्या आसपास, सगळा चढ. शनिवार-रविवार टाळा, बर्फावर घसरायला शहर लोटतं. सकाळी लवकर पोचून आधी गाड्यांच्या तळाभोवती आणि बर्फ वितळून जिथे नुकतं गवत उघडं पडलंय त्या कडेला पाहा. फिंच जमिनीवर असतो, रॉक स्पॅरोच्या सोबत, आणि बसलेला असताना अगदीच भुरकट वाटतो. पंखातला गुलाबी रंग बघायला तो उडावा लागतो. शिंगवाला चंडोल इथे पिवळ्या तोंडाचा. हे ध्यानात ठेवा, कारण खाली तागदिल्तला त्याचा चुलता टेमिंक्स लार्क भेटेल, त्याचं तोंड पांढरं. परतताना वेगानं उतरू नका. खालच्या उतारावर जुनिपर आणि अक्रोडाची झाडं लागतात, तिथे लेव्हाइयांचा हिरवा सुतार आहे. तिथला मूसिएचा थिरथिराही बघून घ्या. काळा-पांढरा-नारिंगी, आपल्या कृष्ण थिरथिऱ्यापेक्षा आखूड आणि जगात फक्त वायव्य आफ्रिकेत मिळणारा.

घाट उतरून वार्झाझातकडे गेलं की काळे गप्पीदासासारखे पक्षी दगडांवर दिसू लागतात आणि इथे यादीत चुका भरायला लागतात. काळा व्हीटइअर आणि पांढऱ्या टोपीचा व्हीटइअर, दोन्ही सबंध काळे, दोघांचंही बूड पांढरं. टोपी पाहून ठरवू नका, कारण दुसऱ्याच्या पोरांना टोपी नसते. शेपटी पाहा. काळ्याच्या शेपटीला टोकाशी पूर्ण काळी पट्टी, मधल्या पिसांसकट उलटा टी. पांढऱ्या टोपीवाल्याची बाजूची पिसं जवळजवळ पांढरीच, काळं फक्त मध्ये.

बुमाल्नच्या दक्षिणेला तागदिल्तचं पठार. पहिल्या नजरेत निराशा होते, हे आधीच सांगतो: खडे, वारा, आणि गावातून उडून आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. पण आपला तूर निघालेला माळ तरी पहिल्या नजरेला काय असतो? इथे चालत सुटू नका. गाडी वाऱ्याकडे पाठ करून लावा, सूर्य मागे घ्या, आणि मैदानाचे मनातल्या मनात पट्टे पाडा. जवळचा पट्टा आधी, डावीकडून उजवीकडे. मग त्याच्या पुढचा, उजवीकडून डावीकडे, आधीच्यावर थोडा चढवून. प्रत्येक पट्ट्याला दोन-तीन मिनिटं. नवखा माणूस एकदम क्षितिजावर स्कोप लावतो आणि पन्नास पावलांवरचा धाविक त्याच्या नळीखालून निघून जातो. क्रीम-कलर्ड कोर्सर म्हणजे आपल्या धाविकाचा फिका भाऊ. डोक्यावर विटकरी टोपीऐवजी वाळूचा रंग, मागे राखाडी, डोळ्यामागून काळी-पांढरी रेघ. उडाला की पंखाखाली काळाकुट्ट, मग शंका राहत नाही.

जाड चोचीचा चंडोल, थिक-बिल्ड लार्क, या पठाराचा मानकरी. तो भटका आहे. पाऊस झाला तिकडे जातो, त्यामुळे मागच्या वर्षीची जागा यंदा रिकामी असू शकते. हिरवट झाक दिसेल तो सखल भाग आधी पाहा. नेहमीचा घोळ डेझर्ट लार्क आणि बार-टेल्ड लार्कमध्ये होतो. पहिला उताराचा, दगडधोंड्यांचा, चोच दणकट, शेपटीचं टोक धुरकट. दुसरा सपाटीचा, चोच बारीक, शेपटीच्या टोकाला कापून लावल्यासारखी काळी पट्टी. जमीन पाहूनच निम्मा निर्णय होतो. ही सवय लावायला मोरोक्कोला जायची गरज नाही. फेब्रुवारीत आपल्याच धुऱ्यावर बसून मुरारी आणि डोंबारी हे आपले दोन चंडोल वेगळे करत राहा, महिन्याभरात डोळा तयार होतो.

मेर्झूगा

बुमाल्न ते मेर्झूगा अडीचशे किलोमीटरच्या आसपास. हा आणि असे सगळे लांब पल्ले सकाळी अकरा ते चारमध्ये मारायचे. पूर्ण फेरीचा एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळा. साडेदहाच्या पुढे मृगजळ उठतं आणि साठपट स्कोपमध्ये पक्ष्याऐवजी उकळतं पाणी दिसतं. अशा वेळी पट वाढवून उपयोग नसतो, उलट २०-२५ वर आणा, जमिनीपासून जरा उंचावर उभे राहा आणि जवळचंच पाहा. फोटोंचंही तेच. दुपारी लांबून काढलेला फोटो फोकस चुकल्यासारखा येतो आणि लोक कॅमेऱ्याला दोष देत बसतात. दोष हवेचा असतो.

मेर्झूगापर्यंत डांबरी सडक आहे, साधी गाडी पुरते. पण सडक सोडून वाळूत घालू नका, भाड्याच्या गाडीचा विमा तिथे बहुधा लागू होत नाही. एक सकाळ स्थानिक वाटाड्या आणि त्याची चारचाकी जीप घ्या, पैसे आणि पक्षी दोन्ही आधी ठरवून. इजिप्शियन रातवा, फॅरो घुबड, डेझर्ट स्पॅरो आणि पखुर्ड्यांचं (सँडग्राउस) त्या आठवड्यात चालू असलेलं पाणी, एवढं त्याच्याकडून. बाकीचं स्वतः. सडकेच्या कडेला चाकं कधी रुतलीच तर पाय दाबून चाक फिरवत ठेवू नका, गाडी आणखी बसते. टायरमधली हवा १५-१८ पीएसआयपर्यंत कमी करा, चाकापुढची वाळू हातानं ओढा, खाली चटई सरकवा आणि हळू निघा. सडकेला लागलात की हवा आधी भरा, मग वेग.

एर्ग शेब्बीच्या टेकड्या सुमारे दीडशे मीटर उंच आहेत आणि फोटोत सगळा वेळ त्याच खातात. पक्षी मात्र टेकडीवर नाहीत, पायथ्याशी आहेत, जिथे वाळू संपून खडे आणि खुरटी झुडपं सुरू होतात. सकाळी सातला तिथे हवं, कारण हूपो-लार्कचं गाणं पहिल्या तासाचं. लांब पायांचा, खाली वाकलेल्या चोचीचा, पळताना एखाद्या लहान टिटवीसारखा भासणारा हा चंडोल. नर झुडपाच्या शेंड्यावर येतो, शीळ घालतो. सूर आधी सुटे-सुटे, सावकाश, मग घाईला येतात. त्या घाईतच तो सरळ वर चढतो, टोकाला अंग वळवतो, पंख पसरतो, काळा-पांढरा पट्टा एकदम उघडतो, आणि तसाच पसरलेल्या पंखांनी खाली उतरून त्याच झुडपाला लागतो. इतका वेळ मातकट दिसणाऱ्या पाखरानं पोतडीतून हे काढलेलं असतं. आपल्याकडे ज्याला डोंबारी म्हणतात तो उड्या मारतो खरा, पण डोंबाऱ्याचं नाव शोभावं तर याला.

पखुर्ड्या सूर्य उगवून दोन-तीन तासांनी पाण्यावर येतात, साधारण नऊ ते साडेदहा. क्राउन्ड आणि स्पॉटेड दोन्ही. गाडी पाण्यापासून सत्तर-ऐंशी मीटरवर, त्या येण्याच्या अर्धा तास आधी लावा आणि खाली उतरू नका. त्या आधी वरून घिरट्या घालतात, दूर उतरतात, चालत येतात. मध्ये कुणी दार उघडलं तर सगळा थवा तहानलेलाच परत जातो, आणि पुढचं पाणी पन्नास किलोमीटरवर असू शकतं. नर पाण्यात पोट बुडवून हलतो तेव्हा तो आंघोळ करत नसतो, पिलांसाठी पाणी भरत असतो. पोटावरच्या पिसांचे केस उलगडून पाणी धरून ठेवतात. मीड-वॉल्डो यांनी १८९६ मध्ये हे लिहिलं तेव्हा पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन यांनी अभ्यास करून ते पक्कं केलं. लिख्टेनस्टाइनची पखुर्डी मात्र या वेळात सापडायची नाही. ती दिवेलागणीनंतर येते, आपल्या रंगीत पखुर्डीसारखीच. ज्यानं मेळघाटच्या पायथ्याच्या नाल्यावर संध्याकाळी रंगीत पखुर्डीची वाट पाहिली आहे त्याला सवय आहे: आवाज ऐकायचा, आकाशाच्या उजेडावर आकार पाहायचा, टॉर्च लावायचा नाही.

इजिप्शियन रातवा दिवसा वाळूवर झुडपाच्या पावभर सावलीत बसतो. शोधताना पक्षी शोधू नका, झुडपाच्या सावलीत ‘चुकीची’ वाटणारी एक सावली शोधा. ती थोडी लांबट, कडा नसलेली असते. दहा-पंधरा मीटरच्या आत जायचं नाही. तो उडाला तर भर उन्हात नवी सावली शोधत फिरतो, आणि चार गट एका दिवसात येतात तेव्हा चारदा फिरतो. वाटाड्या काठीनं उठवून दाखवतो म्हणाला तर नको म्हणा. पैसे त्याला पूर्ण द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो काठी काढणार नाही.

डेझर्ट स्पॅरोचा नर फिक्या राखाडी रंगाचा, गळ्याला काळा रुमाल. उंटांच्या तळाजवळ आणि खेड्यांच्या कडेला मिळतो. तंबू आणि लॉज वाढले तशी आपली घरचिमणीही आली आहे, त्यामुळे थव्यातली प्रत्येक चिमणी तपासावी लागते. सातभाई मात्र ओळख विचारत नाहीत. फल्व्हस बॅबलर झुडपातून झुडपात एकामागे एक घसरत जातात आणि तसाच कलकलाट करतात. पांदणीतला कारभार, फक्त माती पिवळी.

दुपारची वेळ फुकट नाही. खजुराच्या बागा, लॉजच्या आवारातली झाऊची झाडं आणि पाण्याचा पाट, हे स्थलांतरी पक्ष्यांचे थांबे. सहारा ओलांडून आलेले वटवटे, माशीमार, थिरथिरे तिथे सावलीत दम खातात. ‘शर्गी’ नावाचा पूर्वेचा तापला वारा सुटला तर माळावर काही दिसणार नाही, गाडी बाजूला घ्या, सामान झिपच्या पिशव्यांत बंद करा. वारा पडल्यावर पहिली फेरी याच झाऊंना मारा. झुडूप-झुडूप भरलेलं असतं.

झाइदाची पहाट आणि देवदार

झाइदाच्या माळावर द्युपाँचा चंडोल आहे, आणि या फेरीत माणसं सगळ्यात जास्त हरतात ती याच्याकडून. तो अंधारात गातो. साडेपाचला माळावर गाडी बंद करून बसलेलं असावं. उजाडताना गाणं विरळ होतं आणि मग तो दिसला तर पळताना दिसतो. उडणं त्याला आवडत नाही, गवताच्या ठोंबांमधून ताठ मानेनं धावतो. आवाजाच्या दिशेनं चालत गेलं की तो तुमच्या पुढे तितकाच सरकतो. बसून राहा, दोन ठोंबांमधली एक मोकळी पट्टी निवडा आणि फक्त तिच्यावर दुर्बीण धरा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. विरळ आणि घटत चाललेला पक्षी आहे, खोट्या शत्रूशी भांडण्यात त्याची पहाट जाते.

झाइदाहून अझ्रूकडे जाताना हवा बदलते, गवत दिसतं, मग देवदार. अ‍ॅटलास देवदार आपल्या हिमालयातल्या देवदाराचा सख्खा भाऊबंद. इफ्रान राष्ट्रीय उद्यान २००४ मध्ये झालं. इफ्रानला ११ फेब्रुवारी १९३५ रोजी उणे २३.९ अंश नोंदले गेले होते, आफ्रिकेतला हा नीचांक मानला जातो. रस्त्याकडेला शेपूट नसलेली माकडं भेटतील, बार्बरी मकाक, आशियाबाहेरचा एकमेव मकाक आणि धोक्यातला. चिखलदऱ्याच्या पॉइंटवर वानरांना बिस्किटं टाकणाऱ्यांचं जे करावंसं वाटतं, तेच इथेही वाटतं.

जंगलात सकाळी सावकाश फिरा. सुतार ओळखायला मिशी पाहा. लेव्हाइयांच्या नर-मादी दोघांची मिशी काळीच, मादीच्या डोक्याचं लाल फक्त मागे मानेपाशी. अ‍ॅटलास माशीमाराच्या बाबतीत सावध, कारण त्याच आठवड्यात उत्तरेला चाललेला पाइड माशीमारही याच झाडांवर थांबतो. अ‍ॅटलासच्या नराच्या कपाळावर पांढरा ठिपका नव्हे, मोठा डाग असतो आणि पंखातलं पांढरंही जास्त. झाडाच्या ढोलीजवळ बसून गातोय, हाकलल्यावर परत तिथेच येतोय, तर तो मुक्कामाचा गडी समजा.

शिलींद्री दिसली की काहीजण हरखतात आणि अल्जीरियन नटहॅच लिहून मोकळे होतात. तसं नाही. मोरोक्कोतली शिलींद्री युरोपातलीच. अल्जीरियन शिलींद्री १९७५ मध्ये बाबोर डोंगरावर सापडली, ज्यां-पॉल लेदाँ या बेल्जियन माणसाला, आणि ती अल्जीरियाच्या काबिली भागातल्या मोजक्या जंगलांपलीकडे नाही. दोन देशांमधली जमिनीवरची सरहद्द १९९४ पासून बंद आहे, तेव्हा ‘जाता जाता’ तिकडे जाता येत नाही. वेगळा व्हिसा, वेगळं विमान. पक्षी इतका उशिरा सापडला याचं आपल्याला फार नवल वाटू नये. आपला रानपिंगळा १८८४ नंतर जो हरवला तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ परत दिसला, आणि मेळघाटातही आहे हे त्यानंतर कळलं.

शेवटचा दिवस तळ्यांना. दायेत आवा इफ्रानजवळ आहे, पण अलीकडच्या दुष्काळांत ते कोरडं पडत आलंय, म्हणून जाण्याआधी चौकशी करा. कोरडं असेल तर मिदेल्त-अझ्रू रस्त्यावरचं अगेलमाम सिदी अली, २,००० मीटरच्या वर. ते येतानाच करून घेतलेलं बरं. दोन्हीकडे लाल गाठींचा वारकरी (रेड-नॉब्ड कूट) शोधायचा. विणीत कपाळावर दोन लाल बोंडं असतात, पण इतर वेळी ती आक्रसतात आणि मग तो हुबेहूब आपल्या तळ्यावरचा वारकरी वाटतो. तेव्हा चोचीच्या मुळाशी पाहा. आपल्या वारकऱ्याच्या चोच आणि कपाळाच्या ढालीमध्ये काळ्या पिसांचं टोकदार पाचर घुसलेलं असतं, याच्याकडे ती कड गोलसर असते. यासाठी स्कोप पूर्ण पटांवर न्यावा लागतो, आणि पाण्यावर दहाच्या आधी ते जमतं. सिदी अलीला चक्रवाकाची जोडीही बहुतेक वेळा असते. आपल्या धरणांवर हिवाळ्यात येतात तोच पक्षी, पण ही मंडळी आफ्रिकेतली, ती कधी आपल्याकडे येत नाहीत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या अ‍ॅपवर नोंद करताना देशाची यादी मोरोक्कोवर आहे ना ते पाहा. डोंगरात नेटवर्क नसतं, म्हणून मोरोक्कोच्या पक्ष्यांच्या यादीचा पॅक फेसला नव्हे, घरून निघतानाच उतरवून घ्या.